‘अवघे पाऊणशे वयमान’: उपहास की उपरोध?

प्रश्न असा आहे: गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’मधलं ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद समाजावरची टीका म्हणून नेहमी दाखवलं जातं. पण कुणी त्याला उपहास म्हणतं, कुणी उपरोध, कुणी विडंबन, आणि हल्ली काही जण ‘व्यंग’ही म्हणतात. यातला नेमका शब्द कोणता? की सगळे एकाच अर्थाचे?

एकाच अर्थाचे नक्कीच नाहीत. माझ्या मते या पदाचं ध्रुवपद उपरोधाचं आहे आणि कडवी उपहासाची. विडंबन म्हणायचं तर ते एका वेगळ्याच गोष्टीचं आहे, त्याकडे पुढे येतो. व्यंग मात्र अजिबात नाही.

आधी संदर्भ. नाटक 1899 सालचं. विषय जरठ-कुमारी विवाह, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, आणि त्याच्या पोटातला कन्याविक्रय. पैशाच्या लोभानं कांचनभट आपल्या मुलीला, शारदेला, भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत थेरड्याच्या गळ्यात बांधायला निघालेला असतो. मध्यस्थी करायला भद्रेश्वर दीक्षित आहेच. नावंसुद्धा कशी निवडलीत बघा: बाप कांचन, नवरा भुजंग. या नाटकाच्या आठच वर्षं आधी, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा आला होता. त्यानं मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय, दहावरून बारा केलं, तर केवढं रण माजलं होतं! अशा वातावरणात देवलांनी भाषण न ठोकता शारदेच्या मैत्रिणीच्या तोंडी हे पद घातलं.

आता ध्रुवपदाकडे या. उपरोधाची साधी खूण अशी, की शब्द एका बाजूचे असतात आणि बोलणारा उभा असतो दुसऱ्या बाजूला. ‘म्हातारा इतुका न’ हे वाक्य वरवर नवऱ्या मुलाची बाजू घेतं. तो काही तेवढा म्हातारा नाही हो, पाऊणशेच तर वय! वाक्यात एकही वाईट शब्द नाही. शिवी नाही, नाव ठेवणं नाही. संस्कृत अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात, म्हणजे स्तुतीच्या मिषानं केलेली निंदा. (यातलं ‘व्याज’ म्हणजे बहाणा. सावकाराच्या व्याजाशी इथे संबंध नाही, जरी या लग्नात तेही असावं.) आपल्या बोलीत याच गोष्टीला ‘शालजोडीतला’ देणं म्हणतात. जोडा तोच, फक्त शालीत गुंडाळलेला.

‘पाऊणशे’ हा शब्दही सहज आलेला नाही. पंचाहत्तर म्हटलं असतं तर आकडा अंगावर आला असता. पाऊणशे म्हटलं की मोजमाप शंभराचं होतं आणि वय त्या शंभरात कमी पडतं. ‘शतायुषी भव’ हा आशीर्वाद जमेला धरला तर गृहस्थाचं पाव आयुष्य अजून शिल्लकच आहे की! त्यात ‘अवघे’ची गंमत वेगळी. आज आपण ‘अवघे दहा रुपये’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘फक्त’. पण ‘अवघा रंग एक झाला’मध्ये अवघा म्हणजे संपूर्ण. ‘अवघे पाऊणशे’ कानावर पडतं तेव्हा पहिला अर्थ ‘जेमतेम’ हाच लागतो, आणि पद दुसऱ्यांदा घोळवलं की ‘चांगली सगळीच्या सगळी पाऊणशे’ हाही अर्थ मागून डोकावतो. देवलांनी हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, यावर वाद घालता येईल. मला तो श्लेष ऐकू येतो एवढं खरं.

कडव्यांमध्ये सूर बदलतो. तिथे शालजोडी बाजूला ठेवून सरळ टिंगल सुरू होते. ‘दंताजीचे ठाणे उठले’, कान फुटले, डोळे रुसले, ‘नन्ना म्हणे मान’, डोईला टक्कल, कंबरेची कमान. हा उपहास. उप-हास, कुणाला तरी उद्देशून हसणं. यात आडपडदा नसतो. समोरचं जे हास्यास्पद आहे ते बोट ठेवून दाखवायचं.

पण हा उपहाससुद्धा साधा नाही. ‘ठाणे उठले’ हा लष्करी बोलीतला प्रयोग आहे. दातांना ‘दंताजी’ असं मानाचं नाव दिलंय, जणू कुणी ठाणेदार गडी आपलं ठाणं हलवून गेला. डोळे अधू झाले असं न म्हणता ‘रुसले’ म्हटलंय, म्हणजे लग्नघरातल्या मानकऱ्यासारखे रुसून बसले. आणि मान? म्हातारपणी मान लटलट हलते ती आडवी, नाही-नाही म्हटल्यासारखी. या अख्ख्या नाटकात भुजंगनाथाच्या लग्नाला त्याच्या जवळचं कुणी ‘नको’ म्हणत नाही. म्हणते ती एकटी त्याची मान! दात सोडून गेले, डोळे रुसले, मान नकार देते आहे. नवरदेवाचं एकेक इंद्रिय या लग्नातून अंग काढून घेतंय आणि गृहस्थ मात्र बोहल्याकडे निघालेत. माझ्या लेखी पदातली सगळ्यात बोचरी जागा हीच, पण गाताना तान घेण्याच्या भरात ती बहुतेकदा निसटते.

शेवटचा ‘काय दिसे ते ध्यान’ही असाच. ध्यान म्हणजे देवाचं डोळ्यांत साठवलेलं रूप. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ ज्या घरात रोज म्हटलं जातं, त्याच घरात वेंधळ्या, बेंगरूळ माणसालाही ‘काय ध्यान आहे!’ म्हणतात. काठी टेकत, उसनी ऐट आणून चालणाऱ्या म्हाताऱ्याला ‘ते ध्यान’ म्हटलं की विठोबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, आणि हसू तिथूनच फुटतं.

मग ‘विडंबन’ म्हणायला जागा आहे का? विडंबन म्हणजे मूळ काहीतरी समोर ठेवून त्याची हुबेहूब पण वाकडी नक्कल. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’मध्ये केलं ते अस्सल विडंबन. तिथे निशाण्यावर मूळ कविता आणि तिची शैली असते. शारदेतलं पद कुठल्या कवितेची नक्कल करत नाही. पण ‘तसा काही म्हातारा नाही, वय काय, पाऊणशेच’ हे बोलणं कुणाचं? मध्यस्थाचं. स्थळ खपवणाऱ्या माणसाची ही तयार भाषा आहे. मुलीच्या बापापुढे कुणा दीक्षितानं हीच वाक्यं सरळ चेहऱ्यानं म्हटली असतील, आणि बापानं ती सरळ चेहऱ्यानं ऐकूनही घेतली असतील. देवलांनी त्या भाषेला फक्त चाल लावली आणि ती पोरींच्या ओठांवर दिली. म्हणून विडंबन म्हणायचंच तर ते म्हाताऱ्याचं नाही, लग्न जुळवणाऱ्यांच्या बोलीचं आहे. ही टीका एका माणसावर न राहता समाजाला लागते ती याच कारणानं. म्हाताऱ्याला हसणं सोपं, पण प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी जणांनी ‘वय काय, तसं फार नाही’ हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असणार.

आणि हा उपरोध मुलींच्याच तोंडी का, हेही पाहायला हवं. ज्याच्या हाती निर्णय आहे तो सरळ ‘नाही’ म्हणू शकतो. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना तिरकं बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘उपरोध’ शब्दाचं मूळ इथे कामाला येतं. संस्कृतात तो ‘रुध्’पासून, म्हणजे अडवण्यापासून आलेला. विरोध, अवरोध, निरोध यांचा सख्खा भाऊ. मराठीत येता येता तो तिरकस बोलण्यापुरता उरला. शारदेच्या मैत्रिणींना अवरोध करता येत नाही, तेव्हा त्या उपरोध करतात. पुढे त्याच नाटकात शारदा ‘मूर्तिमंत भीती उभी’ म्हणते तेव्हा कुणालाच हसू येत नाही, आणि आधीचं हसणं घशात अडकतं.

देवलांचा खरा फटकारा मला कथानकात दिसतो. लग्न ऐन मांडवात मोडतं, पण कशामुळे? वधू-वरांच्या वयातल्या अंतरामुळे नव्हे. पैशाच्या व्यवहारामुळेही नव्हे. दोघं सगोत्र निघाली म्हणून! पाऊणशे वय सगळ्यांना चाललं, गोत्र चाललं नाही. याला मी निखळ उपरोध म्हणेन. इथे शब्द कुणी उच्चारलेला नाही, घटनाच तिरकी बोलते.

जाता जाता एक गैरसमज. बालविवाहाच्या कायद्याला मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि पुष्कळांना वाटतं की नाव या नाटकावरून पडलं. तो 1929 चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. मराठी माणसानं ‘सारडा’चं ‘शारदा’ सहज करून टाकलं, कारण शारदा त्याच्या ओळखीची होती. त्या कायद्यानं मुलीचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 ठरवलं. नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा घातली नाही, त्यामुळे भुजंगनाथाला चौदा पूर्ण झालेली मुलगी कायद्यानं चालली असती.

राहिला ‘व्यंग’. हा हिंदीच्या वाऱ्यानं आलेला वापर आहे. हिंदीत उपरोधिक लेखनाला ‘व्यंग्य’ म्हणतात. तो व्यंजनेतून, सूचित अर्थातून आलेला शब्द आणि त्या भाषेत चोख आहे. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शरीरातला किंवा वस्तूतला दोष. ‘लेखकाने समाजावर व्यंग केले’ असं वाचलं की मला त्या समाजाचा हातपाय मोडल्यासारखं वाटतं. ‘व्यंगचित्र’ रुळलेलं आहे, ते राहू द्या. बाकी ठिकाणी ‘उपरोधिक लेखन’ लिहा, टवाळी उघड असेल तर ‘उपहासात्मक’ लिहा. परीक्षेच्या उत्तरात या पदाबद्दल एकच शब्द लिहायचा असेल तर ‘उपरोध’ लिहा, आणि अलंकार विचारला असेल तर ‘व्याजस्तुती’.