नवरा वारला, त्याचं इन्कम टॅक्स रिटर्न राहिलंय. उशिरा भरता येईल का? (गोवा)

येईल. म्हापशात रिटर्नं भरून देणं हाच माझा धंदा, आणि अशा केसेस अडतात त्या इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या वारस नोंदणीवर. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन आणि वारसाचा पुरावा पोर्टलवर चढवा. सरकारी फॅमिली पेन्शनचा दाखलाही चालतो, हे कोणी सांगत नाही. मंजुरी आली की तुमच्या लॉगिनमधून 1 एप्रिल ते मृत्यूच्या दिवसापर्यंतचं त्यांचं रिटर्न भरता येतं.

खरी गोम पुढे. पोर्तुगीज सिव्हिल कोड (गोव्यातला जुना कौटुंबिक कायदा) लागू असलेल्या जोडप्याचं पगार सोडून बाकी उत्पन्न 1961च्या आयकर कायद्यातल्या कलम 5अ नुसार निम्मं-निम्मं होतं. म्हणजे आयटीआर-1 हा सगळ्यात साधा रिटर्न फॉर्म बाद. मागे एक वहिनी बिस्किटाच्या डब्यातून एफडीच्या पावत्या घेऊन आल्या. सगळ्या नवऱ्याच्या नावावर, तरी मृत्यूपर्यंतचं अर्धं व्याज वहिनींच्या रिटर्नात! मृत्यूनंतरचंही व्याज बँक नवऱ्याच्याच पॅनवर दाखवत होती. ते हातानं वेगळं काढावं लागलं.

उशिराचं रिटर्न आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 31 डिसेंबरपर्यंत, लेट फी 5,000 रुपये (उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000). टीडीएस (आधीच कापलेला कर) परत मिळायचा असेल तर ही तारीख चुकवू नका, नंतरच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही.