४४ नंबरचा पहिला मान कुणाचा?

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत असते. बारा वर्षांचा नातू बेसबॉलवेडा आहे. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या रेजी जॅक्सनची ४४ नंबरची जर्सी घालून फिरतो आणि म्हणतो, ४४ घातलेल्यांत रेजीच सगळ्यात भारी. जावईबापू म्हणतात, हँक ॲरन. मला त्यातलं काही कळत नाही, तेव्हा निवाडा तुम्हीच करा. आणि तिकडे नंबर ‘रिटायर’ करतात, तो काय प्रकार आहे?
– एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, जावईबापूंची बाजू खरी. नातवाला वाईट वाटेल, पण इथे वादाला जागाच नाही.

ॲरनचं नाव निघालं की लोक ७५५ होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) सांगतात. बॅरी बाँड्सने २००७ मध्ये तो विक्रम मोडला. मी मात्र दुसरा हिशोब मांडतो. ॲरनचे एकूण हिट्स ३,७७१. हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठणं; होमरनही त्यातच धरतात. त्यातले सगळेच्या सगळे होमरन वजा करा, तरी ३,०१६ उरतात. आणि तीन हजार हिट्स ही अशी पायरी आहे, की तिथवर भलेभले पोहोचत नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी त्याला जग ओळखतं ते काढून घेतलं, तरी माणूस थोरच! गंमत म्हणजे एका मोसमात त्याने कधी पन्नास होमरन मारले नाहीत. जास्तीत जास्त ४७. चार मोसमांत बरोब्बर ४४. दरवर्षी न चुकता कामावर येणारा हा गडी.

पदार्पणाच्या १९५४ च्या मोसमात त्याचा नंबर ५ होता, हे नातवाला जरूर सांगा. त्या वर्षीचे १३ होमरन सोडले, तर बाकीचे ७४२ याच ४४ मध्ये. जुन्या जमान्यातल्या बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम जवळ आला, तसा या काळ्या खेळाडूला धमक्यांच्या पत्रांचा पाऊस पडला. तरी ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात ७१५ वा बसलाच. तो चेंडू टाकणारा डॉजर्स संघाचा अल डाउनिंग. त्याच्याही पाठीवर ४४ होता.

खरी चुरस दुसऱ्या जागेसाठी आहे. इथे माझा एक नियम आहे: नंबरची क्रमवारी लावायची, तर त्या नंबरात जे कमावलं तेवढंच धरायचं. रेजी अडतो तो इथेच. त्याच्या ५६३ होमरनपैकी २८१ हे १९७६ पर्यंतचे, ४४ अंगावर येण्याआधीचे. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो १९७३ मध्ये, ओकलंडकडून, ९ नंबर घालून. यांकीजकडे आला तेव्हा ९ ग्रेग नेटल्सकडे होता, म्हणून मग ॲरनची आठवण ठेवून ४४.

म्हणून माझ्या हिशोबात दुसरा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा विली मकॉव्ही. ॲरनसारखाच अलाबामातल्या मोबील गावचा, आणि नंबरही ॲरनसाठीच घेतलेला. १९६३ मध्ये या दोघांनी नॅशनल लीगमध्ये (तिकडच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) प्रत्येकी ४४ होमरन मारून पहिली जागा वाटून घेतली. पाठीवर ४४, खात्यात ४४, गाव एकच! कथेत लिहिलं असतं, तर संपादकाने काट मारली असती. मकॉव्हीची दहशत किती, तर १९६९ मध्ये पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, त्याला ४५ वेळा जाणूनबुजून ‘वॉक’ दिला, म्हणजे खेळू न देताच पहिल्या बेसवर पाठवलं. एकूण होमरन ५२१.

त्याचा सगळ्यात लक्षात राहिलेला फटका मात्र आउट झालेला आहे. १९६२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, सातवा सामना, शेवटची इनिंग, दोन आउट. यांकीज १-० ने पुढे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर जायंट्सचे गडी. मकॉव्हीने सणसणीत मारला, तो थेट बॉबी रिचर्डसनच्या हातात. थोडा इकडेतिकडे गेला असता, तर दोन्ही गडी घरी येऊन अजिंक्यपद सॅन फ्रान्सिस्कोत राहिलं असतं.

रेजी तिसरा. पण १८ ऑक्टोबर १९७७ ची रात्र नातवाकडून ऐकाच. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. तीन वेगवेगळ्या पिचरांचा पहिलाच चेंडू, आणि तिन्ही प्रेक्षकांत! एका रात्रीवर क्रमवारी ठरत असती, तर मी नातवाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

आता रिटायरचं. त्या संघात तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, एवढाच अर्थ. ॲरनचा ४४ मिलवॉकी आणि अटलांटा दोन्हीकडे बंद, मकॉव्हीचा जायंट्सकडे, रेजीचा यांकीजकडे. बाकी संघांत तो मोकळा आहे. सगळ्या संघांत मिळून बंद केलेला नंबर आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन याचा ४२, तोही १९९७ मध्ये. आपल्याकडे २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर कोलंबोत १० नंबर घालून उतरला, तेव्हा सचिनभक्तांनी केवढा गहजब केला, आठवतंय? पुढे त्याने ५४ घेतला. भावना तीच, तिकडे तिला नियमाचं रूप आहे.

चौथ्या जागेसाठी सिनसिनाटीच्या एली दे ला क्रूझचं नाव नातू पुढे करेल. पोरगा वाऱ्यासारखा धावतो. पण ज्याची कारकीर्द अजून चालू आहे, त्याला मी यादीत घेत नाही.