ओटीजीमध्ये सोपं, गरम खायचं फळांचं डेझर्ट कोणतं करता येईल?

अॅपल क्रम्बल करा, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर मैद्याचा खुसखुशीत चुरा घालून बेक करायचं; खरंच सांगते, केकपेक्षा कितीतरी सोपं आहे आणि अंडं, बेकिंग पावडर काहीच लागत नाही. मूळ ब्रिटिश घरगुती प्रकार.

४-५ सफरचंदं सोलून जाड फोडी करा (पातळ केल्या तर पार गाळ होतो), त्यात २ चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस, दालचिनी पूड घालून काचेच्या बेकिंग डिशमध्ये पसरा. आपल्याकडची सफरचंदं गोडच असतात म्हणून लिंबू अजिबात विसरू नका, त्यानेच चव खुलते. वरचा थर म्हणजे १५० ग्रॅम मैदा किंवा कणीक, ७५ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम बटर, पण बटर फ्रिजमधलं गारच घ्यायचं आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचं, रवाळ झालं की थांबा, मळत बसलात तर गोळा होतो आणि मग तो खुसखुशीतपणा येत नाही. हा चुरा फोडींवर नुसता भुरभुरायचा, दाबायचा नाही.

प्रीहीट करून १८० डिग्रीला ३५-४० मिनिटं, वरून सोनेरी आणि कडेने रस बुडबुडायला लागला की झालं. १० मिनिटं थांबून गरम गरम वाढा, वर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा कस्टर्ड. चुऱ्यात थोडे ओट्स घातले तर अजूनच छान.