आठ आठवड्यांची गरोदर आहे, जकुझीत बसलं तर चालेल का? आणि आधीच बसून झालं असेल तर?

तुम्ही मुख्य दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुढच्या महिन्यात महाबळेश्वरला जाताय, नवऱ्याने घेतलेल्या खोलीत जकुझी आहे, तीत बसावं का? आणि तीन आठवड्यांपूर्वी लोणावळ्याच्या बंगल्यावर मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या टबात "वीस-पंचवीस मिनिटं, मध्येमध्ये बाहेर येत" बसलात, तेव्हा दिवस गेल्याचं ठाऊकही नव्हतं, तर आता बाळाला काही झालं असेल का, हे गरोदरपण ठेवावं की नाही? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्याने उडालेली दिसते.

गरोदरपण ठेवा. त्या अर्ध्या तासाच्या भीतीने गर्भ पाडायला कोणतंही वैद्यकीय कारण नाही. नातेवाइकांपैकी कुणी "कशाला धोका पत्करायचा" असं म्हणत असेल तर त्यांनाही हे उत्तर वाचायला द्या.

आता नुसता धीर देऊन थांबत नाही, आकडे सांगते. गरोदरपणाचे आठवडे आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. म्हणजे आज तुमचे आठ आठवडे झाले असले तरी गर्भ साधारण सहा आठवड्यांचा आहे आणि लोणावळ्याला होतात तेव्हा तो तीन आठवड्यांचा होता. या सुमारास गर्भाच्या पाठीकडची एक सपाट पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाऊन नळीसारखी मिटायला लागते. त्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास ती पूर्ण मिटते. खाली कुठे उघडी राहिली तर मणक्याचं व्यंग होतं, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू नीट बनत नाहीत. आईच्या शरीराचं आतलं तापमान फार वाढलं तर हे मिटणं बिघडू शकतं. तुमचा टब नेमका याच दिवसांत आला, हे मी लपवत नाही.

१९९२ साली अमेरिकेत तेवीस हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या काही आठवड्यांत हॉट टबात बसलेल्या स्त्रियांच्या बाळांत हे व्यंग २.८ पट आढळलं. तुम्ही इंटरनेटवर जे वाचून घाबरलात ते बहुधा हेच. पण व्यंग असलेली बाळं मुळातच मोजकी होती, त्यामुळे खरा आकडा १.२ पटीपासून ६.५ पटीपर्यंत कुठेही असू शकतो, असं त्याच अभ्यासात दिलेलं आहे. शिवाय "पट" ऐकलं की छातीत धस्स होतं, पण कशाच्या पट हे कुणी सांगत नाही. भारतातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर ही व्यंगं हजार बाळंतपणांत चारच्या आसपास येतात. त्याला तिनाने गुणलं तरी हजारात बारा. उरलेल्या ९८८ बाळांत हे व्यंग नसतं. आणि २.८ हा आकडा हॉट टबात बसलेल्या सगळ्या स्त्रियांचा मिळून आहे, तुमचं शरीर धोक्याच्या पातळीपर्यंत तापलं होतं का हे त्यातून कळत नाही.

तेवढं तापलं होतं का, हेच मुळात सांगता येत नाही. शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ३९ च्या पुढे गेलं की काळजी सुरू होते. १९८१ साली कॅनडात गरोदर नसलेल्या स्त्रियांना टबात बसवून मोजलं गेलं. ३९ अंशांच्या पाण्यात शरीर ३८.९ पर्यंत तापायला किमान पंधरा मिनिटं लागली, ४१ अंशांच्या पाण्यात किमान दहा. २०१९ साली गरोदर स्त्रियांवरचे सगळे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटांपर्यंत बसलेल्यांपैकी एकीचंही तापमान ३९ च्या वर गेलं नव्हतं. तुम्ही मध्येमध्ये बाहेर येत होतात, हे तर फारच चांगलं झालं. बाहेरच्या हवेत ओलं अंग थंड व्हायला लागतं आणि सलग तापत राहणं टळतं.

गर्भपाताचीही भीती तुम्ही लिहिली आहे. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात हॉट टब वापरणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं. टब जितका गरम आणि वापर जितका वारंवार, तितकं ते जास्त होतं. पण तुमच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आहेत आणि अंगावरून काही गेलेलं नाही. ठोके दिसल्यानंतर गर्भ टिकण्याची शक्यता खूप वाढते. त्या एका संध्याकाळीचा परिणाम आता उशिराने उगवेल, असं समजू नका.

करायचं ते एवढंच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना टबाबद्दल सांगा, लाजू नका, रागावणार नाहीत. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू नसेल तर आजपासून सुरू करा. नळी मिटून गेली असली तरी पहिल्या तिमाहीत ती घ्यायचीच असते. (हे वाचणाऱ्या आणि अजून दिवस न गेलेल्या बायकांनी ही गोळी दिवस जाण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून घ्यावी. मिटणाऱ्या नळीला तिचा खरा उपयोग तेव्हाच होतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच वेळ चुकते.) अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत कवटी बघतात आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये मणका वरपासून खालपर्यंत तपासतात. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे ते मणक्यावर जरा जास्त वेळ देतील. हे दोन्ही स्कॅन टब नसता तरी तुमचे होणारच होते.

आता महाबळेश्वर.

आपल्याकडे हॉटेलवाले दोन वेगळ्या गोष्टींना जकुझीच म्हणतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. पहिली म्हणजे खोलीच्या बाथरूममधला, भिंतीतून पाण्याचे झोत सोडणारा बाथटब. तो आपण नळ सोडून भरतो, वापरून झाला की रिकामा करतो, आणि भरल्याबरोबर त्यातलं पाणी निवायला लागतं. दुसरी म्हणजे गच्चीवर किंवा अंगणात कायम भरलेला हॉट टब. त्यात हीटर असतो, तेच पाणी गाळून पुन्हापुन्हा फिरवलं जातं आणि तापमान ३८ ते ४० अंशांवर धरून ठेवलेलं असतं. इथे पाणी निवतच नाही. शरीर उष्णता बाहेर टाकतं ती घामावाटे आणि कातडीवाटे. गळ्यापर्यंत आपल्यापेक्षा गरम पाण्यात बसल्यावर घाम वाळायला जागा नसते आणि कातडी उलट आत उष्णता ओढून घेते. पोटातल्या बाळाचं तापमान आईपेक्षा जवळपास अर्धा अंश जास्तच असतं आणि उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे आईच्या रक्ताशिवाय दुसरा मार्ग नाही.

म्हणून हॉट टब असेल तर पूर्ण गरोदरपणात नको, पहिल्या तिमाहीत तर नाहीच. वर सांगितलेला २०१९ चा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण तो मोजूनमापून तापवलेल्या पाण्याबद्दलचा आहे. रिसॉर्टच्या टबावरचा आकडा खरा असेलच असं नाही, गप्पांत वीस मिनिटांची चाळीस कधी होतात ते कळत नाही, आणि सुट्टीतल्या मौजेसाठी ही जोखीम घ्यायला मी माझ्या बहिणीलाही सांगणार नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही टाळा असाच आहे.

झोतवाला बाथटब असेल तर बसू शकता, पण माझ्या अटींवर. पाणी कोमट हवं, ३५-३६ अंश, ३७ च्या वर नाही. हाताला अंदाज येत नाही, कारण महाबळेश्वरच्या थंडीत गारठलेल्या बोटांना कोमटही कढत लागतं आणि दोन मिनिटांनी सवय झाली की कढतही कोमट वाटतं. लहान बाळांच्या आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर औषधांच्या दुकानात मिळतो, तो घेऊन जा. पुढे बाळासाठी लागेलच. दहा मिनिटं बसा, छाती आणि हात पाण्याबाहेर ठेवा, बाजूला पिण्याचं पाणी असू द्या. झोत पाठीवर चालेल, थेट पोटावर किंवा मांड्यांच्या मध्ये नको. बाळ पोटातल्या पाण्यात सुरक्षित असतं, झोताने त्याला इजा होत नाही, पण योनीमार्गात जोराने पाणी किंवा हवा जाणं गरोदरपणात धोक्याचं आहे. केस वर बांधा, पाणी ओढून घेणाऱ्या जाळीत ते अडकतात.

सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे टबातून उठणं. गरोदरपणात रक्तवाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात, गरम पाण्याने आणखी सैलावतात. झटकन उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि भोवळ येते. ओली फरशी, गुळगुळीत कडा आणि भोवळ, अशी एखादी पेशंट पडून आली की आम्हा डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. आधी काठावर बसा, मग नवऱ्याचा हात धरून उठा. एकट्या असाल तर टबात उतरूच नका. बसल्या बसल्या डोकं हलकं वाटलं, छातीत धडधडलं, मळमळलं किंवा घामाने निथळायला लागलात तर लगेच बाहेर या.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, आणि झोतांच्या नळ्यांत टब रिकामा केल्यावरही थोडं पाणी राहतं. तिथे बुळबुळीत थर धरतो आणि जंतू पोसले जातात. स्युडोमोनास नावाच्या जंतूने अंगावर खाजरे पुरळ उठतात, ते त्रासाचे असले तरी बहुधा आपोआप जातात. लीजिओनेला मात्र पाण्याच्या तुषारांबरोबर फुप्फुसात शिरतो आणि न्यूमोनिया करतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या व्हर्लपूलमधून अशी साथ पसरली आणि ३२ जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी त्या पाण्यात पायही घातला नव्हता, नुसते शेजारून गेले होते. म्हणून रिसेप्शनवर स्पष्ट विचारा की टबाच्या नळ्या कधी आणि कशा धुता. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर शॉवर घ्या. पाणी गढूळ, फेसाळ किंवा वासाचं असेल तर विचारायचीही गरज नाही.

वार खाली असेल, अंगावरून जात असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी जात असल्याची शंका असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर कोमट पाण्याच्या टबातही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका.

आंघोळीबद्दलही तुम्ही विचारलंय. बादलीत पाणी घेऊन तांब्याने अंगावर घेण्याची आपली पद्धत या बाबतीत अगदी सुरक्षित आहे. पाणी अंगावरून वाहून जातं, हवेत निवतं, शरीर आतून तापत नाही. ते कढत नको, एवढंच. आई-आजीच्या तोंडी असलेलं कढत पाणी आणि शेकशेगडी बाळंतिणीसाठी असते, गरोदर बाईसाठी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांचंही तसंच. देवदर्शनाला जरूर जा, पण कुंडात उतरू नका. तिथलं तापमान तुमच्या हातात नसतं आणि पाणी अनेकांनी वापरलेलं असतं. पाठ दुखते म्हणून टब हवासा वाटत असेल तर कंबरेला कोमट पाण्याची पिशवी दहा मिनिटं चालेल, तेवढ्याने आतलं तापमान वाढत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर, साध्या जलतरण तलावात संथ पोहणं किंवा नुसतं पाण्यात चालणं पाठीला याहून जास्त आराम देतं. तलावाचं पाणी ३२ अंशांच्या वर नसावं.

आणि टबाची काळजी करताना तापाकडे दुर्लक्ष करू नका. १९९२ च्या त्याच अभ्यासात पहिल्या आठवड्यांतल्या तापानेही हा धोका वाढलेला दिसला होता, १.८ पट. फ्लू किंवा डेंग्यूचा ताप शरीराला तासन्‌तास ३९ अंशांच्या वर ठेवतो, तिथे टबातून उठून बाहेर येण्याची सोय नसते. गरोदर बायका "औषध नको, बाळाला लागेल" म्हणून ताप अंगावर काढतात. ते करू नका. अंग ३८ अंशांच्या वर गेलं, म्हणजे साधारण १००.४ फॅरनहाइट, की डॉक्टरांना फोन करा, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या, अंग कोमट पाण्याने पुसून घ्या आणि तापाचं कारण शोधू द्या. महाबळेश्वरला जाताना थर्मामीटर न्याल तेव्हा तापाचाही एक बॅगेत टाका.