जिभेखालची गोळी पाण्यासोबत गिळली तर?

ताई, बाबांना डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिली आणि ‘छातीत दुखलं की जिभेखाली ठेवा’ एवढंच सांगितलं. गिळली तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. नागपुरात माझं औषधांचं दुकान आहे, हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गिळलेली गोळी पोटातून आधी यकृताकडे जाते आणि तिथेच तिचा बराचसा भाग मोडतो. शिवाय वेळ जातो, आणि छातीत दुखत असताना वेळच तर हातात नसतो. जिभेखाली बारीक शिरांचं दाट जाळं आहे, तिथून औषध थेट रक्तात उतरतं. २ ते ५ मिनिटांत फरक पडू लागतो.

गोळी देण्याआधी बाबांना बसवा. बीपी एकदम उतरतं, उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाण्याने ओलं करून घ्या. डोकं ठणकलं तर घाबरू नका, या औषधाने तसं होतं. पण ५ मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर १०८ ला फोन करा. बाबांना गाडीवर मागे बसवून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, निघू नका. व्हायग्रासारखी गोळी घेतलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट अजिबात द्यायची नाही, बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येतं. संकोच न करता हे विचाराच.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, पट्टी गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जिभेखालची औषधं आणखीही आहेत. अफू-हेरॉइनचं व्यसन सोडवायला ब्युप्रेनॉर्फिन देतात. मानसिक आजारातलं असेनापिन ठेवल्यावर १० मिनिटं काही खायचं-प्यायचं नसतं. बी-१२ च्या गोळ्याही मिळतात, पण पुरेशा मात्रेत गिळलेली बी-१२ तितकीच काम करते, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. हार्ट अटॅकच्या संशयात डॉक्टर ॲस्पिरिन सांगतात, ती मात्र चावून खायची.

एका सवयीची मला खरंच काळजी वाटते. बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची पद्धत एकेकाळी सर्रास होती, जुन्या लोकांच्या ती अजून लक्षात आहे. त्याने बीपी इतकं झपाट्याने कोसळतं की पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. १९९० च्या दशकातच डॉक्टरांनी याविरुद्ध इशारे दिले होते. शेजारच्या कोणी असा सल्ला दिला तर ऐकू नका.