थोडक्यात राहिलं, आता लगेच परत बसू का सोडून देऊ?

"मॅडम, अगदी थोडक्यात राहिलं हो" हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणारी सीए करणारी मुलं बोलतात, एमपीएससीवाली बोलतात आणि आता हिंजवडी-खराडीची आयटीवाली मंडळी पण बोलायला लागलीयेत, त्यांच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षांमुळे. पुढचा प्रश्न पण ठरलेला असतो, लगेच परत बसू का नादच सोडू. त्यावर एका मुलाची केस सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

तिशीतला नेटवर्क इंजिनिअर, राहायला वाकडला, मूळचा कराडकडचा. सिस्को या नेटवर्किंग कंपनीची सीसीआयई लॅब दिली होती. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, 1993 पासून चालू असलेली ही परीक्षा आहे, आधीची लेखी पास झालात की पुढे आठ तासांची लॅब असते आणि त्यासाठी तो बंगलोरला गेला होता. त्याच्या ट्रॅकला पहिले 3 तास डिझाइन आणि नंतर 5 तास प्रत्यक्ष नेटवर्क उभं करायचं, बिघाड शोधायचे, ऑटोमेशन वगैरे. डिझाइनमध्ये एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न परत उघडत नाही आणि दुसऱ्या भागात टास्कमधली एक जरी अट राहिली तरी त्या टास्कचे मार्क गेले, अर्धे मिळत नाहीत. त्याने भरलेली फी 1600 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, शिवाय जाणं-येणं, हॉटेल. याचं डिझाइन पास आणि दुसरा भाग फेल. एक-दोन टास्कनी गेलं असं त्याचं म्हणणं.

आला तेव्हा झोप उडालेली, ऑफिसात चिडचिड, आणि कराडहून वडिलांचा फोन आला की "रिझल्ट यायचाय अजून" असं सांगत होता, रिझल्ट तर दोन दिवसांत आला होता. बायकोला खरं माहीत होतं पण घरात त्यावर बोलायचं नाही असा अलिखित नियम झालेला. सोबत एक वही आणली होती आणि त्यात पानभर 'जर' लिहिलेले, जर आधी दुसरा टास्क घेतला असता, जर जेवायला कमी वेळ लावला असता, जर आदल्या रात्री नीट झोप लागली असती.

थोडक्यात हुकलेलं जास्त का लागतं यावर कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांचं 1982 चं एक काम आहे. त्यांनी लोकांना विचारलं की दोन प्रवासी ट्रॅफिकमध्ये अडकून अर्धा तास उशिरा विमानतळावर पोचले, एकाचं विमान वेळेवर गेलं होतं आणि दुसऱ्याचं लेट होऊन फक्त 5 मिनिटांपूर्वी उडालं, तर जास्त वाईट कोणाला वाटेल? 96 टक्के लोक म्हणाले दुसऱ्याला. खरं तर दोघांचं नुकसान सारखंच आहे, पण पाच मिनिटं हुकली की डोकं ती पाच मिनिटं शोधतच बसतं. हे त्याला सांगितल्यावर तो जरा सैल झाला, कारण आपण वेडे व्हायला लागलोय की काय अशी भीती त्याला वाटत होती, आणि ही भीती खूप जणांना वाटते, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

पण मला त्या वहीबद्दल जास्त काळजी होती. कारण थोडक्यात गेलं म्हटलं की माणूस आपोआप ठरवतो की थोडा अभ्यास कमी पडला, अजून चार कोर्स करू, अजून रात्री जागू. आणि तो खरंच तेच करायला निघाला होता, फेल झाल्यावर किमान 30 दिवस परत बसता येत नाही म्हणूनच बुकिंग थांबलेलं. मला तर तो नियम अशा मुलांसाठी वरदान वाटतो.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार असतो, त्यामुळे तिथलं काही विचारायचा प्रश्नच नव्हता. मग आम्ही असं ठरवलं की एका मित्राने घरच्या लॅबमध्ये, लॅपटॉपवर ईव्ह-एनजी (खोटं नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं होतं त्यात, मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि बायकोने शेजारी बसून फक्त कुठे किती वेळ गेला ते लिहायचं, बोलायचं काही नाही. तो कागद घेऊन दोघं आले. अवघड टास्क त्याने दहा-बारा मिनिटांत बाजूला ठेवले होते, शांतपणे. आणि एका सोप्या टास्कवर 40 मिनिटं. दोन राउटर ओएसपीएफमध्ये (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) शेजारी होत नव्हते, म्हणजे जुळत नव्हते, स्टेट एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या पायरीवर अडकलेली. एका बाजूला एमटीयू (एका वेळी पाठवायच्या पॅकेटचा कमाल आकार) 1500 आणि दुसऱ्या बाजूला 1400, एवढंच होतं, आणि हे तो नोकरीत ज्युनिअर मुलांना शिकवतो. बायकोने कागदाच्या कडेला लिहिलं होतं, "इथे पाणी पण घेतलं नाही."

मी विचारलं, सोडून पुढे का नाही गेलास? म्हणाला, "मॅडम, एवढं साधं आहे ते, ते सोडायचं म्हणजे मग मी काय इंजिनिअर." आणि मग स्वतःच म्हणाला की बंगलोरला पण असंच झालं होतं.

आता बघा, ऑफिसात रात्री पी-वन तिकीट, म्हणजे सगळ्यात तातडीच्या बिघाडाची तक्रार, आलं की पहिला फोन यालाच येतो आणि सुटेपर्यंत हा उठत नाही, त्याचं नाव झालंय ते याच गुणावर. परीक्षेत मात्र ज्या टास्कला तो चिकटून बसतो त्याचे मार्क बाकीच्यांसारखेच मोजके आणि पुढे येणारे टास्क तसेच पडून राहतात. त्याचा अभ्यास कमी पडला नव्हता, सोप्या गोष्टीत अडकणं त्याला अपमानाचं वाटत होतं, आणि यावर अजून चार कोर्स करून काय होणार.

पुढचे काही आठवडे आम्ही त्या अपमानावरच काम केलं. 15 मिनिटं झाली की कागदावर टास्कचा नंबर लिहायचा आणि पुढे जायचं, सुरुवातीला त्याचे हात अक्षरशः थांबायचे नाहीत. वडिलांना सांगणं त्याला याहून अवघड गेलं. शेवटी एका रविवारी गावाला जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मला कळलं होतं रे, तुझ्या आवाजावरनं. पैसे लागतायत का?" हे सांगताना तो रडला आणि मला वाटतं झोप परत यायला सुरुवात तिथून झाली.

तुमचं असं काही झालं असेल तर पहिले पंधरा दिवस परत बसायचं की सोडायचं काहीच ठरवू नका. जाऊन आलात की त्याच आठवड्यात वेळ कुठे गेला ते आठवेल तसं लिहून ठेवा, नंतर आठवण बदलते. घरात एका तरी माणसाला खरं सांगा. पण झोप-भूक दोन आठवड्यांनंतरही जागेवर येत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असले विचार येत असतील, तर परीक्षेचं राहू दे बाजूला, डॉक्टरकडे जा नाहीतर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत पण बोलतात.

याने पुढची तारीख दिवाळीनंतरची बघायची ठरवलीये. फीचे पैसे आधी साठवायचे, या वेळी कर्ज नाही, ही बायकोची अट आणि ती मला एकदम पटली. दर शनिवारी 5 तासांचा मॉक चालू आहे, वेळ अजून तीच लिहिते.