केसांचा रिपोर्ट आणि मिरच्यांचा ठसका

प्रिय मावशी,

मी ऐरोलीला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहते. मुलगा चार वर्षांचा आहे. हाक मारली तरी बघत नाही, डब्यांची झाकणं तासन्‌तास ओळीत लावत बसतो, शब्द जेमतेम दहा-बारा. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, ऑटिझम (स्वमग्नता) तर नाही ना, एकदा दाखवून घ्या. सासूबाई म्हणतात, ह्याचा बापही उशिराच बोलायला लागला. डेव्हलपमेंटल डॉक्टरांची, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्यांची, वेळ मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. तोवर मी पालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले. तिथल्या एका ताईंनी केसांची मिनरल टेस्ट करायला लावली. साडेअकरा हजार गेले. केस कापायला घेतले की तो किंचाळतो, म्हणून झोपेत, नखं कापायच्या कात्रीनं मानेजवळचे केस घेतले. किटमध्ये पुठ्ठ्याचा छोटा तराजू येतो, त्याची बाजू खाली जाईपर्यंत कापत राहायचं.

रिपोर्टमध्ये पारा जवळजवळ नाहीच. मला हायसं वाटलं. पण ताई म्हणाल्या, "हीच तर खूण. शरीर पारा बाहेर टाकत नाही, म्हणून केसात दिसत नाही." रिपोर्टवर प्रत्येक खनिज कमी असेल तर डावीकडे, जास्त असेल तर उजवीकडे पट्टी जाते. त्या पट्ट्या मोजून त्यांनी सांगितलं, आत धातू अडकलेत, ऑटिझम त्यानंच होतो. त्यांच्या सांगण्यावरून डिटॉक्सचे थेंब मागवले. चार दिवस दिले, पोट बिघडलं म्हणून थांबवले. शिसं थोडं वर आहे, पण त्याचं नंतर बघू म्हणाल्या. (तो गॅलरीतल्या भिंतीचे पोपडे काढून तोंडात घालतो, ही सवय कशी सोडवायची तेही सांगा.) नवरा म्हणतो, पैसे पाण्यात घातलेस. माझं माहेर दिवाळे कोळीवाड्यातलं, दिवस राहिलेले तेव्हा मासे भरपूर खाल्ले. त्यानं तर झालं नसेल? रिपोर्ट नीट कसा वाचायचा, एवढं सांगा.

— एक आई, ऐरोली

---

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रिपोर्टसाठी, दुसऱ्यांदा तू कंसात टाकलेल्या त्या वाक्यासाठी. तिकडे येतेच.

आधी थेंब. थांबवलेस ते उत्तम केलंस, परत सुरू करू नकोस. ग्रुपवर कुणी म्हणेल, "पोट बिघडलं म्हणजे विष बाहेर पडतंय." पोट बिघडलं म्हणजे पोट बिघडलं, एवढंच.

आता रिपोर्ट. तो छापणारं यंत्र बहुधा चांगलंच असेल. केसातला धातू अगदी बारीक प्रमाणात मोजता येतो, त्यात खोटं काही नाही. घोटाळा पुढे होतो, त्या आकड्याचा अर्थ लावताना. पारा जास्त दिसला असता तर ताई काय म्हणाल्या असत्या? "बघ, पारा आहे." कमी दिसला, तर "बघ, आत अडकलाय." मग "तुझ्या मुलाला काही झालेलं नाही" असं सांगायला ह्या टेस्टमध्ये जागा कुठे उरली?

तुझ्या सासूबाई नातवाची दृष्ट काढतात की नाही? मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, ठसका आला नाही तर लागली होती. माझा दृष्टीवर विश्वास नाही, पण त्या मिरच्यांबद्दल मला आदर आहे. त्या निदान "नव्हती" असं म्हणू तरी शकतात. साडेअकरा हजारांच्या टेस्टला तेवढंही जमत नाही.

हे "कमी म्हणजे जास्त" कुठून आलं, तेही सांगते. २००३ साली अमेरिकेत काही संशोधकांनी मुलांच्या जावळाचे केस तपासले. तिथले आईबाप पहिल्या कापणीचे केस आठवण म्हणून जपून ठेवतात. ऑटिझम असलेल्या मुलांच्या जावळात पारा कमी आढळला आणि त्यावरून तर्क निघाला की ह्या मुलांचं शरीर पारा बाहेर टाकत नसावं. तर्क करायला हरकत नव्हती. पण त्यावर पट्ट्या मोजायचे नियम बसवले गेले, आणि त्या नियमांवर घरोघरी बाटल्या उघडल्या.

आणि केस कुठे पाठवलेत ह्यावरही बरंच ठरतं. २००१ साली एका निरोगी माणसाचे, एकाच वेळी कापलेले केस अमेरिकेतल्या सहा लॅबना पाठवून पाहिले होते. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वात जास्त आकडा सर्वात कमी आकड्याच्या दहापटीहूनही मोठा निघाला. डोकं एकच, केस एकच! वर प्रत्येक लॅबचे आहाराचे सल्लेही एकमेकांशी न जुळणारे. केसांना बाहेरून काय लागलं, तेल, शाम्पू, टाकीचं पाणी, उडालेली धूळ, ते लॅबला पूर्णपणे धुऊन काढता येत नाही. कोंड्याच्या बऱ्याच शाम्पूंत जस्त असतं, काहींत सेलेनियम. मग रिपोर्टवर जस्ताची पट्टी उजवीकडे पळते आणि आई रात्रभर जागते.

आणखी एक साधा हिशेब करून बघ. 'नॉर्मल' रेषा बहुतेक वेळा अशी आखतात की शंभर निरोगी माणसांतली पंच्याण्णव तिच्या आत बसावीत. म्हणजे चाळीस खनिजं तपासली तर धडधाकट पोराचीसुद्धा दोनेक पट्ट्या बाहेर जायच्याच. त्यात ती रेषा चार वर्षांच्या आपल्याकडच्या मुलांवरून आखलेली आहे की नाही, हे रिपोर्टवर कुठे लिहिलंय का, तेवढं शोध.

केस अगदीच मुके असतात असं नाही. माशातून शरीरात जाणारा पारा केसात खरोखर उतरतो, आणि त्याच्या मोठ्या अभ्यासांत केसच तपासतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तू कापलेल्या इंचभर केसात फार तर गेल्या अडीच महिन्यांचं जेवण. तुझ्या पोराचा पारा जवळजवळ शून्य, ह्याचा सरळ अर्थ तो मासे फारसे खात नाही! दिवाळ्याच्या लेकीचा मुलगा आणि मासे खात नाही, ह्याची काळजी तुझी आई करील. तुझ्या गरोदरपणातल्या ताटाबद्दल हा रिपोर्ट काहीही सांगू शकत नाही. मोरीसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो म्हणून गरोदर बायांना ते बेतानं खा सांगतात, बांगडा-बोंबील-मांदेलीला कुणी अडवत नाही. तुझ्या मासे खाण्यानं हे झालं, हे डोक्यातून काढून टाक.

ग्रुपवर लसींचाही विषय निघाला असेल, निघतोच. लसीत पूर्वी वापरायचं ते पाऱ्याचं संयुग अमेरिकेनं २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून काढलं. त्यानंतर तिथली ऑटिझमची निदानं कमी झाली नाहीत, वाढतच गेली. पोराचा पाच वर्षांचा डोस चुकवू नकोस.

थेंबांवरून पुढे ताई 'किलेशन' म्हणतील. शरीरातले धातू ओढून काढणारी औषधं. २००५ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला असं औषध शिरेतून दिलं. त्यानं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं आणि पोराचं हृदय थांबलं. तुझ्या बाटलीत तेच आहे असं मी म्हणत नाही. पण ऑटिझमसाठी मुलांना किलेशन देऊ नका, असं ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. जस्ताच्या गोळ्याही वाटेल तशा देऊ नकोस. जास्त जस्त गेलं की शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून रक्त कमी होतं.

आता कंसातलं वाक्य. पाऱ्यामागे लागून सगळ्यांनी शिशाची पट्टी बाजूला सारली, आणि मला तुझ्या पूर्ण पत्रात खरी धडकी तिथे भरली. केसातलं शिसं म्हणून नाही, ते धुळीचंही असू शकतं. पोपडे! घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत नव्वद भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ ला निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या भिंतीवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार. शिसं पोटात गेलं तर मुलाच्या डोक्याच्या वाढीवर खरोखर परिणाम होतो. आणि पोपडे खाणं हे नुसतं खूळ नसतं. अंगात लोह कमी असलं की माती, खडू, पोपडे खावेसे वाटतात, आणि लोह कमी असलेलं मूल शिसंही जास्त शोषून घेतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात.

म्हणून दोन महिने थांबू नकोस. ह्याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि शिरेतून रक्त घेऊन शिसं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासायला सांग. जेवणात त्याचे दोन-तीनच पदार्थ ठरलेले असतील तर बी-१२ आणि डी जीवनसत्त्वही. शिशाचा आकडा दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर आला तर अमेरिकेत २०२१ पासून सावध होतात. औषधानं शिसं काढायचा विचार ४५ च्या पुढे, आणि तो इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली. मधल्या आकड्यांना भिंत, हात, जेवण आणि लोह बघायचं. गॅलरीची भिंत कोरडी खरवडायला कुणाला लावू नकोस, सगळी धूळ घरभर होईल. तूर्त जाड प्लास्टिक चिकटव, फरशी ओल्या फडक्यानं पूस, आणि पोराला तिकडे एकटं सोडू नकोस. सवय सोडवणं त्याच्या पुढचं.

दुसरी तपासणी कानांची. माझ्या बहिणीच्या मुलाला, ह्याला तीस वर्षं होऊन गेली, नौपाड्यातल्या एका नामांकित ठिकाणच्या औषधाच्या पुड्या तीन वर्षं चालू होत्या. त्या तीन वर्षांत त्याचे कान तपासायचं कुणालाच सुचलं नाही, मला धरून. ऐकू कमी येत होतं त्याला. तुझ्या पोराचं तसंच असेल असं नाही, तो झाकणं ओळीत लावतो ते वेगळंच काही सांगतंय. पण हाकेला न बघणाऱ्या मुलाची बेरा टेस्ट, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, आधी व्हायला हवी. झोपेत होते, किंचाळायचा प्रश्न नाही.

डॉक्टरांची वेळ येईतो घरी बसायचीही गरज नाही. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ऐरोलीहून वाशीची लोकल थेट मिळते. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यासाठी पनवेल लोकल. चौकशी कर, नाव घाल. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला निदानाचा शिक्का पडेपर्यंत थांबावं लागत नाही. पुढे निदान झालंच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, दाखला मिळतो आणि केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही. ते कागद नवऱ्यावर सोपव.

आणि नवरा. पैसे पाण्यात गेले हे त्याचं बरोबर आहे, पण एवढं म्हणून तो मोकळा कसा होतो? रात्री साडेबाराला तू त्या ग्रुपवर असतेस कारण त्या वेळी घरात तुझ्याशी ह्या विषयावर बोलायला कुणी जागं नसतं. पोराला तपासायला नेशील तेव्हा त्यालाही ने. डॉक्टर त्याच्याही लहानपणाबद्दल विचारतील, उशिरा बोलण्याचं सासूबाईंनी सांगितलेलं तिथे उपयोगी पडेल, तेव्हा त्यांनाही घेऊन गेलीस तर उत्तमच.

ताईंवर रागावू नकोस. त्याही कुणाच्या तरी आई आहेत, आणि त्यांच्याही हातात असाच रिपोर्ट कुणीतरी ठेवला असणार. ग्रुपवर राहा, शाळा कुठली चांगली, केस कापताना पोराला कसं धरायचं, असलं तिथल्याइतकं कुणी सांगणार नाही. रिपोर्ट मात्र तिथे टाकू नकोस.

पट्ट्या मोजायला बसायचीस तो वेळ वहीला दे. डावीकडे तारीख, पुढे त्या दिवशी काय नवीन: कोणता शब्द, कुणाचा हात धरून कुठे नेलं, काय खाल्लं, कशाला किंचाळला. झाकणांची ओळ रंगानं लावतो की आकारानं, मधलं एक उचललंस तर काय करतो, तेही लिही. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढ, डॉक्टरांसमोर पोरं नेमकी शहाण्यासारखी वागतात.

थेंबांची बाटली टाकून देऊ नकोस. पिशवीत घाल आणि डॉक्टरांकडे ने. चार दिवस किती थेंब दिलेस, पोट कधी बिघडलं, ते सगळं सांग. ओरडतील थोडं. ऐकून घे, आणि बाटलीवर काय छापलंय ते त्यांना वाचू दे.

तुझी,
मावशी